साडेचारशे लारी

त्सिउरीने कॅबिनेट काउंटरवर ठेवलं
शालीत गुंडाळून, आजारी कोंबडी आणावी तसं.
बाजूचा पत्रा काढून मी फुंकर मारली
आणि माझ्याच मिशा पांढऱ्या झाल्या.
पीठ.
पंख्याच्या पात्यांवर पीठ, रॅमच्या खाचेत पीठ,
प्रोसेसरच्या माथ्यावर पिठाची टोपी.
"भट्टी भिंतीपलीकडे आहे," ती म्हणाली,
जणू एवढ्यात सगळं आलं. आलंही.

कुतैसीत माझं दुकान जिन्याखाली.
उंच गिऱ्हाइकं वाकून आत शिरतात
आणि वाकलेलीच घासाघीस करतात.
ही बुटकी. ताठ उभी राहिली,
रुमालाची गाठ सोडून साडेचारशे लारी मोजले.
"याच्या वर एक नाही."

मुलगा बेसो पोलंडात, ट्रकवर.
रविवारी रात्री दोघं एका खेळात भेटतात,
कुठल्याशा बेटावर लाकडं तोडतात, घर बांधतात.
"तो भराभर पुढे जातो. माझं चित्र थिजतं.
वळून बघतो तर मी झाडात घुसलेली, अर्धी आत, अर्धी बाहेर.
हसतो आधी.
मग म्हणतो, राहू दे आई, उद्या पहाटे निघायचंय."

मी कागद ओढला.
प्रोसेसर जुना, पण चिवट, राहू दे.
ग्राफिक्स कार्ड: एकशे नव्वद, वापरलेलं.
"कोणी वापरलेलं?"
खोटं बोलता आलं असतं.
नदीकाठच्या एका गॅरेजात, म्हटलं, बिटकॉइनच्या नादात
दोन वर्षं दिवसरात्र जुंपलेलं होतं हे, अशा तीसेक भावंडांसोबत.
तिने ते हातात घेतलं, उलटसुलट केलं,
पंखा बोटाने फिरवून कान लावला.
"राबलेलं आहे, मोडलेलं नाही," म्हणाली.
"घ्या."

पॉवर सप्लाय: एकशे तीस.
इथे ती अडली.
"हा डबा खेळात दिसतो का?"
नाही.
"मग वेग वाढतो?"
नाही.
"मग कार्डापाठोपाठ सगळ्यात महाग हाच का?"
तुमच्या भट्टीतली आग भाकरीत दिसते का, मी विचारलं.
ती गप्प बसली. मग, "करपलेली दिसते," म्हणाली,
आणि मान हलवली.

रॅम चाळीस. एसएसडी नव्वद.
बेरीज बरोब्बर साडेचारशे.
अशी बेरीज आयुष्यात दोनदाच जमते,
मी पेन्सिल कानावर ठेवून जरा मिरवून घेतलं.

"हे शेवटचं काय करतं?"
खेळ लवकर उघडतो. चार मिनिटांऐवजी वीस सेकंदांत.
"आणि उघडल्यावर?"
उघडल्यावर विशेष काही नाही.
"खोडा ते."
अहो, पण आजच्या काळात याच्याशिवाय कोणी...
"मी रात्री दोनला पीठ भिजवते
आणि ते फुगायची वाट बघत बसते. तीस वर्षं.
चार मिनिटांचं मला काय सांगता?"

मग भिंतीवरच्या हेडफोनकडे बोट केलं,
माइकवाल्या. सत्तर लारी.
"आता आम्ही टाइप करतो. माझी बोटं जाड,
मी एक वाक्य लिहीपर्यंत तो दोन झाडं पाडतो."

माझी मिरवलेली बेरीज मोडली.
वीस उरले. ते तिने परत उचलले नाहीत,
कागदाखाली सरकवले. "जोडणीचे."

संध्याकाळी तिच्यासमोर बटण दाबलं.
पंखे घुमले, पडदा उजळला,
हार्ड डिस्क म्हातारीसारखी कुरकुरत कामाला लागली.
साडेतीन मिनिटं. मीच घड्याळ बघत होतो.
ती दाराबाहेर कोणाशी तरी
टोमॅटोच्या भावावरून भांडत होती.

पंख्याला जाळी लावून दिली आहे, तिला न सांगता.
तरी सहा महिन्यांत येईलच परत.
जाळी कितीही बारीक असो,
पीठ आत जातं.